स्वाराला दिलेलं खोबरं

जत्रेच्या आदल्या दिवशी वहिनीने खोबऱ्याची एक अखंड वाटी निवडून काढली, फडक्याने पुसली आणि देव्हाऱ्यापुढे ठेवली. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाच्या दिवशी लोक रथावर गुलाल-खोबरं उधळतात. आमच्या घरची वाटी गेली तीन वर्षं माझी पुतणी उधळत होती, कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर बसून. ती वाटी दादासाठी असायची. दादा म्हणजे माझा एकुलता एक भाऊ, तिचे वडील. एकाहत्तरच्या लढाईत तो बेपत्ता झाला. तेव्हा पोर दोन वर्षांची होती. आता सहा पुरी झाली होती.

दादा पलटणीत मोटारसायकलवर होता. एका ठाण्याचं टपाल दुसऱ्या ठाण्यावर पोचवायचं, हे त्याचं काम. घरात त्याचा एक फोटो होता: खाकी कपडे, कपाळावर चढवलेला जाड काचांचा चष्मा, एक पाय जमिनीवर आणि एक मोटारसायकलवर. पोरीला बाप माहीत होता तो एवढाच. तो कुठे आहे असं तिने विचारलं की आम्ही सगळे म्हणायचो, टपाल घेऊन गेलाय, ड्यूटीवर आहे. सुरुवात कुणी केली ते आठवत नाही. बहुतेक मीच.

त्या वर्षी तिला जत्रेला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगलीला कॉलेजात होते आणि सुट्टीवर आले होते. आईचे गुडघे धरले होते. वहिनी दिवसभर घर सोडून कुठे जातच नव्हती. दादा आला तर दारात आपण असावं, असं तिचं होतं. हे ती बोलून दाखवत नसे. पण माहेरच्या लग्नालासुद्धा ती सकाळी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येई.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मला इंग्रजी शाळेत घातलं ते दादाने. वडील मी लहान असतानाच गेले. दादा भरती झाला, आणि तिथे साहेबांच्या मुली इंग्रजी बोलतात हे पाहून आला, आणि आपली बहीणही तशी बोलली पाहिजे असं त्याने मनावर घेतलं. मी दुसरीपासून साताऱ्याच्या वसतिगृहात राहिले. गावी आले की माझी भाषा पोरींना हसू आणायची, म्हणून मी बोलणंच कमी केलं. पण पलटणीतून इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे यायचा. आधी तार आली, बेपत्ता असल्याची. मग दोन महिन्यांनी त्याच्या साहेबांचं पत्र आलं. टाइप केलेलं, दोन पानी. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि चार दिवसांसाठी घरी आले होते.

पडवीत आई, वहिनी, चुलते, चुलती, शेजारचे दोघे, असे सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पहिलं पान वाचून मराठीत सांगितलं: तुमचा मुलगा शूर होता, सगळ्यांचा लाडका होता. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की एका पुलाजवळ त्याची गाडी जळालेली सापडली. दोन जवानांनी त्याला पडताना पाहिलं. तो भाग शत्रूच्या ताब्यात गेल्यामुळे देह आणता आला नाही. कागदोपत्री तो बेपत्ता राहील, पण मी तुम्हाला आशा दाखवली तर ती फसवणूक होईल.

मी म्हणाले, "शोध चालू आहे. धीर धरा, असं लिहिलंय."

मी विचार करून खोटं बोलले नाही. समोर वहिनी बसली होती, मांडीवर पोर होती, आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. नंतर सांगू, एकेकीला सांगू, असं मनात होतं. पण त्याच संध्याकाळी आईने सिद्धनाथाला नवस बोलला, आणि दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला निघून गेले. पत्र दादाच्या ट्रंकेत गेलं. चार वर्षं मी सुट्टीला यायचे आणि त्या ट्रंकेच्या खोलीत निजायचे नाही.

या चार वर्षांत वहिनी ना इकडची राहिली ना तिकडची. संक्रांतीला कुंकवाचा करंडा घेऊन बायका तिच्यापाशी आल्या की क्षणभर थांबायच्या. एकीने तर तिला गाळून पुढच्या बाईला लावलं. आई म्हणायची, बारा वर्षं वाट बघायची असते, मगच माणूस गेला म्हणायचं. वहिनी सातवी झालेली. तिच्या भावाने साताऱ्याला बालवाडी शिक्षिकेचा कोर्स शोधून आणला होता. राहायची सोय होती, पोरीला शाळा होती. तिने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा भाऊ आला तेव्हा मी घरात होते. ती त्याला म्हणाली, "शोध चालू हाय म्हनून कागद आलाय. मी जाऊन कसं चालंल?" मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले.

रथाच्या दिवशी आम्ही दोघी सकाळच्या एसटीने निघालो. पोर खिडकीशी बसली. ओच्यात खोबऱ्याची वाटी आणि गुलालाची पुडी. शाळेतल्या पोरांनी तिला सांगितलं होतं की जत्रेत एक फळ्यांची विहीर आलीय आणि तिच्यात माणूस मोटारसायकल चालवतो, भिंतीवरून. ते मला दाखव, असं तिने आठ दिवस धरून ठेवलं होतं. आमच्या गावात तेव्हा डॉक्टरांची एक स्कूटर होती, तेवढीच. तिने चालती मोटारसायकल कधी पाहिलीच नव्हती. मला वाटलं, पाहू दे. फोटोतली वस्तू खरी असते, एवढं तरी तिला कळू दे.

रथाला गर्दी अशी की मला श्वास घेणं जड झालं. अनोळखी माणसांचा धक्का मला कधीच सहन झाला नाही. एका ओळखीच्या बाप्याने पोरीला खांद्यावर घेतलं, तिने गुलाल उधळला. खोबरंही उधळलं असणार असं मी धरून चालले. खाली उतरली तेव्हा ती नखशिखांत लाल झाली होती आणि तोंडाने एकच जप चालला होता, विहीर, विहीर.

विहीर नदीच्या वाळवंटाच्या कडेला होती. उभ्या फळ्यांचं एक मोठं पिंप, दोन पुरुष उंच. बाहेरून जिना, आणि वर काठाने गोल फिरणारी अरुंद माची. तिथे उभं राहून आत वाकून बघायचं. कर्ण्यावरून एक माणूस हिंदीतून ओरडत होता, मौत का कुवा, मौत का कुवा. तिकिटाच्या टेबलाशी एक बाई बसली होती आणि तिच्या पायाशी आमच्या पोरीएवढीच एक मुलगी फुगा चावत होती.

वर गेलो तर बायका आम्ही दोन-तीनच. मी पोरीला पुढे धरून मागे अंग चोरून उभी राहिले. शेजारी एक म्हातारे पेन्शनर होते, पांढऱ्या मिशांचे. पोर टाचा उंचावत होती ते बघून ते म्हणाले, "आवं ताई, पोरीला फुडं घ्या की. तितनं काय दिसंल तिला, माजं धोतार?" आणि स्वतः सरकून त्यांनी तिला काठाशी जागा दिली. पलीकडचा एक जण म्हणाला, "नाना, तुमचं धोतार बघायला कोन तिकीट काडंल?" सगळे हसले, पोरही हसली.

खाली स्वार आला. चाळिशीचा, किडकिडीत, खाकी शर्ट, आणि डोळ्यांवर तसाच जाड काचांचा चष्मा. फोटोतल्या दादासारखाच. हा विचार मी आधी कसा केला नव्हता, मला कळेना. मी पोरीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ती आता काय हाक मारील याची मला भीती होती. पण तिने हाक मारली नाही. ती बारकाईने बघत होती, दुकानात नवं कापड बघतात तशी.

गाडी सुरू झाली. आधी तळातल्या उतारावर, मग फळ्यांवर, मग अगदी आमच्या हातभर खाली. आख्खी माची थरथरायला लागली, फळ्या एकामागून एक दबल्यासारख्या वाजत होत्या, पेट्रोलचा वास नाकात गेला. स्वाराने एक हात सोडला, मग दोन्ही. लोक काठावरून नोटा धरत होते. तो वर येई, बोटांतली नोट उचली आणि फिरत खाली जाई. नोट धरणाऱ्याला हात मागे घ्यायचा नाही एवढंच बघायचं होतं. नाना मोठ्याने सांगत होते, "हात हलवू नका रं, त्याचा त्यो घेतोय."

तेव्हा माझ्या पुतणीने ओच्यात हात घातला आणि खोबऱ्याची वाटी बाहेर काढली. तिने ती रथावर उधळलीच नव्हती. मला काही समजायच्या आत तिने हात लांब करून ती काठापलीकडे धरली. नानांनी सांगितलं होतं तसा हात अजिबात हलवला नाही.

स्वार वर आला. क्षणभर त्याची मान कलली, नोटेऐवजी हे काय म्हणून. मग त्याने वाटी उचलली. पुढच्या फेरीला ती त्याच्या दातांत होती. दोन्ही हात पसरून, खोबरं तोंडात धरून त्याने दोन फेऱ्या मारल्या. लोकांनी शिट्ट्या फुंकल्या. कुणीतरी म्हणालं, "लय भुकेलं हुतं बेनं." मग तो खाली उतरला, गाडी थांबवली, चष्मा वर सरकवला. खोबरं गाडीच्या दांड्यावर आपटून फोडलं, एक तुकडा मदतनिसाला दिला, एक खिशात टाकला आणि तिसरा चावत आम्हाला सलाम केला.

सगळे टाळ्या वाजवत होते. पोर त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"खाल्लं त्यानं," ती म्हणाली.

आम्ही जिना उतरलो. खाली तो स्वार बाहेर आला होता आणि त्याने फुग्यावाल्या मुलीला कडेवर घेतलं होतं. ती त्याच्या खिशातलं खोबरं काढून खात होती. पोरीने तेही बघितलं. मग ती चालायची थांबली.

मी तिला वाळूत जरा बाजूला नेलं आणि खाली बसवलं. वाटी रथावर का टाकली नाही, असं विचारलं. माझा आवाज रागाचा नव्हता. मग तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगू शकत नाही, तिच्याच सांगते. "देवाला तीन येळा दिलं. देव काय मोटारसायकलवर बसत न्हाई. ह्यो बसतोय. मला वाटलं, ह्यो नेऊन दील."

तिच्या हिशेबाने मोटारसायकलवरची माणसं टपाल नेतात. आम्हीच तिला तसं शिकवलं होतं. एका स्वाराच्या हातात दिलं की ते दुसऱ्याच्या हातात पोचणार. तिने पूर्ण विचार करून, रथाच्या गर्दीत जपून, योग्य माणसाच्या हातात वस्तू दिली होती. आणि त्याने ती सगळ्यांसमोर खाल्ली होती.

मी म्हणाले की तो टपालवाला नाही, तो फक्त विहिरीत फिरतो. तिने मान हलवली. तिला ते आता कळलं होतं. मग तिने वाळूत बोट फिरवत विचारलं, "आत्ती, बाबांचा कागद तूच वाचलास नव्हं? काय लिवलंय त्यात?"

या प्रश्नाची मी चार वर्षं वाट बघत होते. तो आई विचारील, वहिनी विचारील, चुलते एखाद्या दिवशी संशय घेतील, असं मला वाटायचं. कुणीच विचारलं नाही, कारण इंग्रजी शिकलेल्या मुलीने वाचून दाखवलेल्या कागदावर घरात कुणी शंका घेत नसे.

खोटं सांगायला मला त्या क्षणी काहीच अडचण नव्हती. तोंडात तयार होतं. पण तिच्या अंगावर गुलाल होता आणि ती ओचा मोकळा करून बसली होती, आणि मला दिसलं की पुढच्या वर्षी ती दुसरं काहीतरी शोधून काढील. एसटीच्या ड्रायव्हरकडे देईल. पोस्टमनकडे देईल. दर वर्षी कुणीतरी ते खाईल.

मी म्हणाले, "सांगते. पण आधी तुझ्या आईला सांगावं लागेल. घरी गेल्यावर."

"आज?"

"आज."

ती बरं म्हणाली आणि उठली. एसटीत ती माझ्या मांडीवर झोपली. मी ते पत्र मनातल्या मनात मराठीत लावत होते आणि कोणताही शब्द नीट बसत नव्हता.

घरी पोचलो तेव्हा दिवस अजून होता. वहिनी दारातच होती. खोबरं दिलंस का, तिने पोरीला विचारलं. पोर माझ्याकडे बघायला लागली. मी वहिनीला म्हणाले, ट्रंकेतलं पत्र काढा. का, असं तिने विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे एकदा बघून ती आत गेली, ते घेऊन आली आणि पडवीत माझ्यासमोर बसली. आई खांबाला टेकून बसली होती.

मी सांगितलं की तेव्हा मी दुसरं पान वाचून दाखवलं नव्हतं.

वहिनीने पत्र उलगडलं, दुसरं पान वर घेतलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. "आदी जसं लिवलंय तसं वाचा," ती म्हणाली. "मग मराटीत." तिला इंग्रजी येत नव्हतं. पण मी प्रत्येक ओळ आधी इंग्रजीत आणि मग मराठीत म्हटल्याशिवाय तिने बोट खालच्या ओळीवर नेलं नाही. पुलापाशी आले तेव्हा मी अडखळले. ती थांबली. मी पुन्हा सुरू केलं तेव्हा तिचं बोट तिथेच होतं.

संपल्यावर आई रडायला लागली. मला वाटलं वहिनीही रडेल, किंवा मला मारील. मी त्याला तयार होते. तिने पत्राच्या घड्या होत्या तशा घातल्या.

"वन्सं," ती म्हणाली, "त्यो माज्या मालकांचा कागद हुता. तुमचा न्हवं."

वयाने मी तिच्याहून लहान. पण नणंद म्हणून तिने मला कायम अहोजाहो केलं, आणि त्या दिवशीही त्यात फरक केला नाही. मी काहीतरी म्हणायला गेले, की मी सतरा वर्षांची होते, की मला तुमच्याकडे बघवेना. ते खरं होतं, पण तिच्या चार वर्षांपुढे ठेवण्यासारखं नव्हतं.

मग तिने पोरीला जवळ घेतलं. मला सांगू दिलं नाही. "बाबा न्हाई येनार," ती म्हणाली. "लडाईत गेलं."

पोर बराच वेळ तिच्या पदराचा काठ दुमडत राहिली. "आन मोटारसायकल?"

"ती पन."

आईने बारा वर्षांचं पुन्हा काढलं. कागदात लिहिलं म्हणून काय झालं, देह कुणी पाहिलाय, असं ती महिनाभर म्हणत होती, आणि शेवटपर्यंत तिने आपला नवस सोडला नाही. वहिनीने तिच्याशी वाद घातला नाही. कुंकवाचं काय करायचं हे तिने कुणाला विचारलं नाही. पुढच्या संक्रांतीला ती कुणाच्याच दारात गेली नाही, त्यामुळे कुणाला तिच्यापुढे थांबावं लागलं नाही. भावाला निरोप धाडला. जूनमध्ये पोरीला घेऊन ती साताऱ्याला कोर्सला गेली.

जायच्या आधी तिने माझ्याकडून एक पत्र लिहून घेतलं, त्या साहेबांना, इंग्रजीत. पूल कुठल्या गावचा, पाहणारे ते दोघे जवान कोण, त्यांचे पत्ते मिळतील का, पडताना तो काही बोलला का. ती एक वाक्य सांगे आणि मी एक वाक्य लिही. मध्ये एकदा मी म्हणाले की साहेबांना हे जरा मऊ शब्दांत विचारलेलं बरं. तिने पेन धरलेल्या माझ्या हाताकडे नुसतं बघितलं. मी ती सांगत होती तसं लिहिलं.

लिहून झालं तेव्हा ती पत्र घेऊन शाळेच्या मास्तरांकडे गेली. मीही मागून गेले. तिने त्यांना ते वाचून मराठीत सांगायला लावलं, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. मास्तर वाचत होते आणि ती ओळीखाली बोट धरून उभी होती. मी दाराबाहेर होते. तिने मला आत बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. सगळं बरोबर आहे असं मास्तर म्हणाले तेव्हा तिने पाकीट चिकटवलं.

उत्तर साताऱ्याला आलं, तिच्या नावावर. ते तिने कुणाकडून वाचून घेतलं, मला माहीत नाही.